नस भरून येते, मज्जारज्जू का नाही?

प्रश्न : मनगटाजवळ तुटलेली नस (रक्तवाहिनी नव्हे, संवेदना वाहणारी चेता) शस्त्रक्रियेने जोडल्यावर बोटांची संवेदना हळूहळू परत येऊ लागते, मज्जारज्जूच्या इजेत मात्र तसे घडत नाही. पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या आसंजक रेणूंचा या फरकाशी काही संबंध आहे का?

प्रतिसाद १ : आहे. हातापायांतील नस तुटली की तिच्यातील तंतूंना वेढणाऱ्या श्वान (Schwann) नावाच्या आधारपेशी आपल्या पृष्ठभागावर एल-वन आणि एन-कॅम हे आसंजक रेणू वाढवतात. अक्षतंतूच्या, म्हणजे चेतापेशीच्या लांब धाग्याच्या, वाढत्या टोकावरील एल-वन समोरच्या एल-वनला बिलगतो, त्यातून पेशीच्या आत वाढीचा संदेश जातो आणि तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर पुढे सरकतो.

प्रतिसाद २ : नुसता चिकटपणा वाढवून भागत नाही, हे सांगायचे बहुधा राहूनच जाते. एन-कॅमवर पॉलिसायलिक आम्लाची (एका शर्करा-रेणूची) ऋणभारित साखळी असली की पेशींची पकड सैल होते, म्हणूनच प्रौढ उंदराच्या मेंदूतही नव्या चेतापेशी घ्राणकंदापर्यंत (मेंदूच्या वास ओळखणाऱ्या भागापर्यंत) सरकू शकतात.

प्रतिसाद ३ : मज्जारज्जूत मुळात श्वान पेशी नसतात, शिवाय तेथील मायलिनमधील (तंतूंवरील मेदयुक्त आवरणातील) नोगोसारखी प्रथिने वाढ रोखतात. एल-वनच्या जनुकात दोष असल्यास मुलग्यांमध्ये जन्मतःच मेंदूत पाणी साचण्याचा विकार उद्भवू शकतो, इतका हा रेणू महत्त्वाचा आहे. तरीही उपचार म्हणून त्याचा विचार अद्याप मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांपुरताच आहे.