चिनी पोरांना आधी पिनयिन की थेट अक्षरं?

शांघायची आई: लेक इथल्याच शाळेत पहिलीत आहे. 2016 पासून इथल्या पुस्तकात आधी आकाश, जमीन, माणूस, तू, मी, तो या अर्थांची सहा अक्षरं येतात. पिनयिन, म्हणजे रोमन लिपीतले उच्चार, त्यानंतर. मला हे उफराटं वाटतं. आम्हा दोघांना चिनी वाचता येत नाही. आधी पिनयिन असतं तर घरी तिच्याबरोबर मीही वाचलं असतं.

बिनपिनयिन: पुस्तक पोरांसाठी आहे, पालकांसाठी नाही! अक्षराच्या डोक्यावर पिनयिन छापलेलं असतं, त्यावर एकदा फूटपट्टी ठेवून बघा. आमचे चिरंजीव धडा घडाघडा वाचत होते. पट्टी ठेवली आणि तोंडाला कुलूप. इतके दिवस रोमनच वाचत होता गडी.

तैपेईकर: मग रोमन नको, पण उच्चार आधी हवेतच. तैवानात पहिलीचे पहिले दहा आठवडे चुयिन शिकवतात. 37 चिन्हं, आपल्या मुळाक्षरांसारखीच. गोष्टीच्या पुस्तकांत ती अक्षराच्या उजवीकडे असतात, त्यामुळे पोरं लवकर आपली आपण वाचायला लागतात. इंग्रजीशी गल्लतही नाही.

बिनपिनयिन: हाँगकाँगची मुलं बालवाडीपासून थेट अक्षरंच शिकतात. ना पिनयिन, ना चुयिन. त्यांचं कुठे अडतं?

तैपेईकर: अडत नाही, पण तीन-चार वर्षांच्या पोरांच्या हातात पेन्सिल देऊन बसवतात, ते विसरलात.

शांघायची आई: पेन्सिलीचं तर बोलूच नका. 'मी'चं अक्षर सात रेघांचं. चार भाग पाडलेल्या चौकोनात ते नीट मधोमध बसवायचं, रेघांचा क्रमही चुकवायचा नाही. पहिली-दुसरीला लेखी गृहपाठ नाही हा 2021 चा नियम, म्हणून वर्गातच गिरवून घेतात. नुसती घोकंपट्टी.

अक्षरवेडा: घोकंपट्टी सुरुवातीला. दुसरीअखेर सुमारे 1600 अक्षरं ओळखायची, पण लिहायची 800च. शिवाय अक्षरं जोडून बनतात. 'छिंग' हे अक्षर घ्या. डावीकडे पाणी लावलं की स्वच्छ, सूर्य लावला की निरभ्र, मन लावलं की भावना. सूर बदलतो, पण सगळ्यांचा उच्चार छिंगच. हे कळलं की पाठ करायचं ओझं निम्मं.

शांघायची आई: आत्ताच सांगितलं तिला. म्हणते, "मग 'आई'च्या अक्षरात बाईशेजारी घोडा का?"

अक्षरवेडा: घोडा आवाजापुरता. घोडा 'मा', आईही 'मा'.

शांघायची आई: तिला पटलेलं नाही. मघापासून मला घोडाच म्हणतेय.