सिग्नलला लाइनच्या मागे थांबण्यावर प्रोजेक्ट केलाय, सर म्हणतात यातून 'कारण' निघत नाही. नक्की काय चुकलं?

कोथरूडची_मृ :
नमस्कार, मी मानसशास्त्रात एमए करतीये, पहिलं वर्ष. सामाजिक मानसशास्त्राच्या पेपरला छोटं संशोधन करायचंय आणि मी विषय घेतला की दुचाकीवाले लाल सिग्नलला झेब्राच्या पुढे जाऊन का थांबतात. पुण्यातल्या नळस्टॉप चौकात रोज उभं राहून हा विषय सुचला. म्हणजे अक्षरशः असं होतं की पहिले दोघं-तिघं पांढऱ्या लाइनच्या मागे नीट उभे असतात, मग एक जण गाड्यांमधून वाट काढत येतो आणि सरळ झेब्रावर जाऊन थांबतो, आणि मग मागचे सगळे पाय टेकवत टेकवत पुढे सरकायला लागतात, मीसुद्धा सरकते, आणि चालत रस्ता ओलांडणारी माणसं चाकांच्या मधून जातात.

मी गूगल फॉर्म करून सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, ८० च्या आसपास उत्तरं आली. मुख्य प्रश्न दोनच, तुम्ही लाइनच्या मागे किती वेळा थांबता आणि तुमच्या आजूबाजूचे किती वेळा थांबतात. दोन्हीत सहसंबंध (एक आकडा वाढला की दुसराही वाढतो) चांगला आला म्हणून लिहिलं की लोक इतरांचं बघून नियम मोडतात. सरांनी फाइल परत दिली, त्यावर 'यातून कारण सिद्ध होत नाही' आणि खाली 'रँडम कुठे आहे?' असं लिहिलंय. पण मी फॉर्म रँडमलीच पाठवला होता ना? तीन आठवडे हातात आहेत, प्लीज कोणीतरी नीट समजावा.

मोजपट्टी :
मृ, विषय फार चांगला निवडलायस, तो सोडू नकोस, फक्त पद्धत बदल.

आधी सहसंबंधाचं बघू. तू म्हणतेस की इतर पुढे जातात म्हणून मी जातो. पण हे उलटंही असू शकतं, म्हणजे जो स्वतः पुढे जातो त्यालाच वाटतं की सगळे जातात. याला फॉल्स कन्सेन्सस म्हणतात. १९७७ मध्ये रॉस, ग्रीन आणि हाउस यांनी स्टॅनफर्डमध्ये विद्यार्थ्यांना विचारलं, जाहिरातीचा मोठा फलक अंगावर अडकवून कॅम्पसमध्ये फिराल का? जे हो म्हणाले त्यांचा अंदाज होता की ६२ टक्के लोक हो म्हणतील, जे नाही म्हणाले त्यांच्या मते फक्त ३३ टक्के. प्रत्येकाने आपल्याच वागण्यावरून जग मोजलं. तुझ्या फॉर्ममध्येही नेमकं हेच झालेलं असू शकतं, आणि दोन आकड्यांच्या सहसंबंधातून कोण आधी आणि कोण नंतर हे कधीच दिसत नाही.

दुसरं म्हणजे लोक जे सांगतात आणि जे करतात त्यात अंतर असतं. लापिएर नावाच्या समाजशास्त्रज्ञाचं १९३४ चं काम तुमच्या सिलॅबसमध्ये असेलच. तो एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरला, २५१ हॉटेलं आणि खाणावळींत गेला, नकार एकदाच मिळाला. सहा महिन्यांनी त्याच ठिकाणी पत्र पाठवून विचारलं की चिनी गिऱ्हाइकांना घ्याल का, तर उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी नाही कळवलं. आता पत्राला उत्तर देणारा आणि काउंटरवरचा माणूस एकच होता का हा आक्षेप आहेच आणि तो रास्त आहे, पण मुद्दा कळला असेल. तुझ्या फॉर्ममध्ये दिशा उलटी असणार, 'मी लाइनच्या मागेच थांबतो' लिहिणारे भरपूर.

आता रँडमचं. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक मुलं त्या एकच समजतात. रँडम सॅम्पलिंग म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचंय त्यातल्या प्रत्येकाला निवडलं जायची ठरलेली संधी असणं. ग्रुपवर टाकलेला फॉर्म म्हणजे जो सापडला तो, त्याला सोयीचा नमुना म्हणतात. रँडम असाइनमेंट म्हणजे आलेल्यांपैकी कोणाला कुठली परिस्थिती मिळणार हे नाण्याने ठरवणं. कारण शोधायचं तर हे दुसरं लागतं, आणि माझ्या अंदाजाने सर तेच विचारतायत.

नळस्टॉप_रोज :
मोजपट्टी बरोबर बोलतायत पण मग ती प्रयोग करणार कसा, आपला माणूस पाठवून मुद्दाम झेब्रावर गाडी उभी करायला लावायची का? अमेरिकेत ऑस्टिनला १९५५ साली असं केलेलं आहे, लेफ्कोविट्झ, ब्लेक आणि माउटन यांनी, एक माणूस सिग्नल मोडून चालत रस्ता ओलांडायचा, कधी चांगल्या कपड्यांत कधी जुन्या मळक्या कपड्यांत, आणि चांगले कपडे असले की त्याच्या मागून जाणारे जास्त. पण आज आपल्या रस्त्यावर हे करायला मी ठाम विरोध करीन. माझा भाऊ झेब्रावर धडक बसून दोन महिने घरात पडून होता. प्रोजेक्टसाठी कोणाचाही जीव धोक्यात घालू नये.

मोजपट्टी :
अगदी मान्य. म्हणूनच उलटा करायचा, आपला माणूस नियम पाळणारा. तसाही हाच प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगात रेघांची लांबी ओळखायची असायची, त्यात बाकीचे सगळे मिळून मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायचे तेव्हा साधारण एक तृतीयांश वेळा माणूस त्यांच्यासारखंच चुकीचं बोलायचा, पण त्या गटात एकच जण खरं बोलणारा ठेवला की ते प्रमाण आधीच्या साधारण पाव पट झालं. एक साथीदार पुरतो. मग नळस्टॉपला लाइनच्या मागे ठाम उभा राहिलेला एक जण पुरतो का, हे तू बघ.

मैत्रिणीला स्कूटर घेऊन एका बाजूला उभं कर. प्रत्येक लाल सिग्नलच्या आधी नाणं उडवायचं. छापा आला तर ती रांगेत जाऊन लाइनच्या मागे थांबेल, काटा आला तर जाणारच नाही. दोन्ही वेळा तू फुटपाथवरून मोजायचं की किती दुचाकी लाइनच्या पुढे आहेत. छापा आला पण ती गर्दीत मागे अडकली तरी तो सिग्नल वगळायचा नाही, वगळलास की नाण्याचा उपयोग गेला. आणि महत्त्वाचं, एका सिग्नलला थांबलेले सगळे एकमेकांचं बघत असतात, तेव्हा ४० सिग्नल मोजलेस तर तुझा आकडा ४०, गाड्या ६०० असल्या तरी. बहुतेक रिपोर्टात इथे गडबड असते. गाडीचे नंबर लिहायचे नाहीत, फोटो-व्हिडिओ नाही, सरांची आधी परवानगी.

नारायणपेठ_५२ :
मी मानसशास्त्राचा नाही, बँकेतून रिटायर झालो, पण या विषयाचं वाचतो. एक सांगावंसं वाटतं की प्रयोग म्हणजेच संशोधन असं मुलांनी समजू नये. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पाणी ओसरल्यावर पुन्हा 'पाणी आलं, पाणी आलं' असा ओरडा झाला आणि आई आम्हा दोघा भावांना ओढत पर्वतीकडे पळाली, एका हातात कणकेचं पातेलं तसंच, खाली ठेवायचं सुचलंच नाही. पाणी आलं नव्हतंच.

हे का होतं याचं उत्तर मला फार वर्षांनी जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासात सापडलं. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर त्यांनी अफवा गोळा केल्या. जिथे धक्के जाणवले पण घरं पडली नाहीत तिथे आणखी मोठं संकट येणार अशा अफवा होत्या. पुढे दुर्गानंद सिन्हांनी दार्जिलिंगला दरड कोसळल्यावर, जिथे प्रत्यक्ष नुकसान झालं तिथे, बघितलं तर तशा भडक अफवा नव्हत्या. १९५७ मध्ये फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने याचा अर्थ लावला की भीती आधीच मनात असते पण डोळ्यांना कारण दिसत नाही, मग अफवा ते कारण पुरवते. धरण फुटण्यावर कोणी नाणं उडवू शकत नाही, तिथे नोंदी करून दोन ठिकाणांची तुलनाच करावी लागते. आमचं घर मात्र खरंच बुडालं होतं, त्यामुळे आईची भीती या अर्थात पूर्ण बसत नाही, ते माझ्या मनात राहिलंय.

कोथरूडची_मृ :
आजोबा, पातेल्याचं वाचून खूप वेळ तशीच बसले. मोजपट्टी दादा की ताई माहीत नाही पण मनापासून थँक्यू. सरांना दाखवलं, ते हो म्हणाले. काल आम्ही दोघींनी नुसती ट्रायल म्हणून सहा सिग्नल वेगवेगळं मोजलं आणि एकाच सिग्नलला माझे ११ आले आणि तिचे १४. भांडणच झालं. ती लाइनवर उभी असलेली स्कूटर पण धरत होती, मी पूर्ण पलीकडची.

मोजपट्टी :
हे ट्रायललाच कळलं ते फार बरं झालं. नेमकं काय धरायचं आणि काय नाही हे मोजण्याआधी ठरवून लिहिणं, यालाच कार्यात्मक व्याख्या म्हणतात. पुढचं चाक जमिनीला टेकतं तो बिंदू लाइनच्या पुढच्या कडेच्या पलीकडे असेल तरच 'पुढे', लाइनवर असेल तर नाही. कागदावर लिहून दोघींनी सोबत ठेवा, पुन्हा दहा सिग्नल एकमेकींशी न बोलता मोजा, आकडे जुळायला लागले की मगच नाणं बाहेर काढा. आणि चौकात वाहतूक पोलीस उभा होता की नाही त्याचा एक कॉलम आजच आखून ठेव.