नेपाळी कम्युनिस्टांचं ऐक्य आतूनच तुटलं

नेपाळमधले कम्युनिस्ट भारताने किंवा चीनने फोडले, असं बऱ्याच जणांचं म्हणणं असतं. मला ते पटत नाही. १७ मे २०१८ रोजी एमाले आणि माओवादी केंद्र हे दोन मोठे कम्युनिस्ट पक्ष एक होऊन ‘नेपाळ कम्युनिस्ट पार्टी’ झाली, तेव्हा २७५ जणांच्या प्रतिनिधी सभेत (संसदेच्या कनिष्ठ सभागृहात) त्यांचे १७४ खासदार होते. एवढं बळ असूनही घडी बसली नाही, कारण एमालेचे ओली आणि माओवाद्यांचे प्रचंड दोघेही अध्यक्ष! एका म्यानात दोन तलवारी. शिवाय पंतप्रधानपद आळीपाळीने घ्यायचा समझोता. ४४१ जणांची केंद्रीय समिती वाटाघाटीतून नेमली गेली. सभासदांनी नेतृत्व निवडायचं ते एकता महाधिवेशन शेवटपर्यंत झालंच नाही. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. माओवाद्यांच्या सशस्त्र बंडातून पेटलेल्या यादवीच्या काळात एकमेकांचे वैरी असलेले गावोगावचे कार्यकर्ते एका झेंड्याखाली आले, आणि त्यांना कुणी काही विचारलंच नाही.

डिसेंबर २०२० मध्ये पंतप्रधान असलेल्या ओलींनी प्रतिनिधी सभा विसर्जित केली तेव्हा पक्ष फुटलेलाच होता. ७ मार्च २०२१ च्या निकालाने फक्त कागद फाडला: ‘नेपाळ कम्युनिस्ट पार्टी’ हे नाव ऋषिराम कट्टेल यांच्या पक्षाने आधीच नोंदवलेलं होतं, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने विलीनीकरणच रद्द ठरवलं.