घरी पडून असलेल्या आजींना धीर कसा द्यावा?

महिलामंडळ_सेविका:
प्रभूमध्ये सलाम. आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) एक आजी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या घरीच आहेत. पहिल्या आठवड्यात भेटायला रीघ लागली होती. आता सहावा आठवडा, कुणी फिरकत नाही. मोठा कार्यक्रम नको, लहानसं पण टिकणारं काही सुचवा. भेटीत काय वाचावं? डबा पाठवावा का?

घरभेट:
सलाम ताई. वार आणि वेळ पक्की करा, उदा. दर गुरुवारी सकाळी ११. दोघींनीच जायचं, वीस मिनिटांत उठायचं. वार ठरलेला असला की आजी त्या दिवसाची वाट बघतात, "येऊ कधीतरी" म्हटलं की नुसत्या झुरतात. पलंगावर बसू नका, गादी दबून दुखरा पाय हलतो. खुर्ची जवळ ओढा आणि ज्या कानाने नीट ऐकू येतं त्या बाजूला बसा. आधी त्यांना बोलू द्या, मग बायबलमधलं स्तोत्र १२१ वाचा. आठच वचनं आहेत, सावकाश वाचलं तरी दोन मिनिटं लागतात. प्रार्थनेआधी "कशासाठी प्रार्थना करू?" हे जरूर विचारा. पुष्कळदा दुखण्यापेक्षा सुनेवर पडलेल्या भाराची काळजी जास्त असते. प्रार्थना मिनिटभराची पुरे. डोळे मिटून उपदेश नको.

शास्त्रपाठ:
बाकी सगळं पटलं, पण १२१ सध्या थांबवा. तिसऱ्याच वचनात देव पाय ढळू देणार नाही असं आहे. पडून हाड मोडलेल्या माणसाच्या मनात लगेच येतं, मग माझाच का ढळला? त्यापेक्षा स्तोत्र ७१ मधली ९ आणि १८ ही वचनं घ्या. म्हातारपणी मला टाकू नकोस, अशी ती विनवणी आहे. आजींच्या मनातलंच बोलणं. बायबलमधल्या रोमकरांस पत्रातलं ८:२८ हे वचनसुद्धा इतक्यात नको. वेदना ताजी असताना "सगळं भल्यासाठीच" ऐकलं की माणूस गप्प होतो आणि आपल्याला वाटतं, धीर आला. बायबलमध्ये दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस नुसते जवळ बसले तोवर ठीक होतं. बोलायला लागले आणि बिघडलं.

डबेवाली_मावशी:
डबा जरूर पाठवा, पण साखर, मीठ, पथ्य घरच्यांना विचारून. आणि स्टीलचा डबा नको. रिकामा परत करायचा नाही ही आपली रीत, त्यामुळे आजारपणात त्या घरावर आणखी एक काम पडतं. परत न मागायच्या डब्यात द्या आणि तसं स्पष्ट सांगा.
वचन फॉरवर्ड करू नका. पोस्टकार्डाइतक्या जाडीच्या मोठ्या कागदावर काळ्या मार्करने एकच वचन, अक्षर बोटभर उंच, म्हणजे चष्म्याशिवाय वाचता येईल. उशाशी नको, समोरच्या भिंतीवर लावा.
सगळ्यात महत्त्वाचं, आजींनाही सेवा द्या. दर गुरुवारी मंडळीतली तीन नावं त्यांच्याकडे प्रार्थनेसाठी द्यायची, त्या-त्या माणसाला आधी विचारूनच. पुढच्या भेटीत त्यांचं कसं चाललंय ते आजींना सांगायचं. नुसतं घेत राहिलेलं माणूस खचतं.

महिलामंडळ_सेविका:
हे फार उपयोगी पडेल. प्रभुभोजनाचं (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीचं) काय करावं?

घरभेट:
ते पाळकसाहेबांकडे (पास्टरांकडे) सोपवा. आजींची इच्छा विचारून आजच कळवा. अन्न गिळायला त्रास होत असेल तर तेही सांगा, म्हणजे ते भाकरीचा अगदी लहान तुकडा करतील.