मदत हवी आहे: नव्या संगणकावर छायाचित्रे आली, पण बाबांनी दिलेली नावे आली नाहीत

नमस्कार.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आमच्या २०११ सालच्या संगणकाचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता, म्हणून दिवाळीत आम्ही नवा संगणक घेतला. जुन्या संगणकात बाबांनी जमवलेला घरचा सगळा छायाचित्रसंग्रह होता. तो नव्या संगणकावर आणताना जे घडले ते सविस्तर सांगते, कारण नेमके काय हरवले आहे हे कळल्याशिवाय उपाय सुचवणे अवघड जाईल.

बाबा निवृत्त झाल्यावर नातेवाइकांकडचे जुने अल्बम मागून आणत, काळ्या जाड पानांवरची छायाचित्रे कोपऱ्यांतून अलगद सोडवत, ती स्कॅन करत आणि पिकासा या गूगलच्या छायाचित्रे लावून ठेवण्याच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक चेहऱ्याला नाव देत. शेजारी खुर्ची घेऊन आत्या बसलेली असे. चेहरा कोणाचा हे ती सांगायची आणि बाबा ते टंकत जायचे. हे काम त्यांनी जवळजवळ चार वर्षे केले. आज ते दोघेही नाहीत. मूळ अल्बमही राहिले नाहीत, कारण २०१९ च्या महापुरात कोल्हापुरातील शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात पाणी शिरले आणि पाने एकमेकांना अशी चिकटली की ती सोडवताना चित्रांचा थरच निघून आला. त्यामुळे स्कॅन हीच आता एकमेव प्रत आहे.

संगणक घेतला त्या दुकानातील तंत्रज्ञाने जुन्या डिस्कवर 'जेपीजी' असा शोध दिला आणि सापडलेल्या सगळ्या फायली नव्या संगणकावरील एकाच फोल्डरमध्ये टाकल्या. मदत करण्याचाच त्याचा हेतू होता, याबद्दल मला शंका नाही. पण स्कॅनर प्रत्येक नव्या फोल्डरमध्ये 'स्कॅन०००१' पासून पुन्हा क्रमांक द्यायला सुरुवात करीत असे, म्हणजे एकाच नावाच्या कितीतरी फायली होत्या, आणि त्याने सरसकट 'रिप्लेस' निवडले, म्हणून नंतरची फाइल आधीच्या फायलीच्या जागी बसत गेली. जुन्या डिस्कवर ११,४०० च्या आसपास छायाचित्रे आहेत, नव्या संगणकावर ७,९०० भरतात. शिवाय जी आली त्यांवर एकाही चेहऱ्याला नाव नाही.

एक उदाहरण देते. सोप्यात सात बायका बसल्या आहेत, मधल्या बाईची ओटी भरली आहे, मागे भिंतीवर कंदील टांगला आहे. यांतली माझी पणजी कोणती हे मला सांगता येत नाही. बाबांच्या पडद्यावर मात्र या साती जणींच्या चेहऱ्यांखाली नावे होती, हे मला स्वच्छ आठवते.

जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क माझ्याकडेच आहे. राजारामपुरीतून यूएसबी केसिंग आणून ती जोडली, तेव्हा डी ड्राइव्हवरील छायाचित्रांचे फोल्डर उघडले. सी ड्राइव्हवरील बाबांच्या नावाचा फोल्डर उघडायला गेल्यावर मात्र 'परवानगी नाही' असे सांगून 'कंटिन्यू' हे बटण पुढे आले. मी ते दाबलेले नाही. दोन फोल्डरांपाशी एक्सप्लोरर मिनिटभर अडकून राहते, म्हणून मी डिस्क लगेच काढून ठेवली. एक ओळखीचे गृहस्थ रिकव्हरीचे सॉफ्टवेअर चालवून देतो म्हणतात, पण मला धीर होत नाही. ती नावे पिकासा कुठे साठवत असे, ती परत मिळवता येतील का, आणि कामाची सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

ताई, तुम्ही 'कंटिन्यू' दाबले नाही आणि डिस्क काढून ठेवली, हे फार चांगले केले. ते बटण दाबल्यावर विंडोज फायलींचे हक्क बदलण्यासाठी त्याच डिस्कवर लिहू लागते, आणि अडखळणाऱ्या डिस्कवर एक अक्षरही लिहिले जाऊ नये. त्याच कारणाने चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारे विंडोजचे साधन) चालवू नका आणि 'फॉरमॅट करायचे का' असे विचारले गेले तर नकार द्या. रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरची येथे गरजच नाही. तुमच्या जुन्या डिस्कवरून काही पुसले गेलेले नाही. आणि फोटोरेकसारखे रिकव्हरीचे साधन फायली शोधून देते तेव्हा त्यांची मूळ नावे व फोल्डर जातात, जे तुमच्या बाबतीत अधिक नुकसानीचे ठरेल.

पिकासा छायाचित्रे स्वतःकडे ठेवत नसे. ती आपापल्या फोल्डरमध्येच राहत. चेहरे ओळखण्याची सोय २००९ मध्ये आली, तेव्हापासून चेहऱ्याचा चौकोन आणि त्या व्यक्तीचा एक सांकेतिक क्रमांक त्या त्या फोल्डरमधील 'डॉट पिकासा डॉट आयएनआय' या लपलेल्या फायलीत लिहिला जाई. तो क्रमांक कोणाचा, हे 'कॉन्टॅक्ट्स डॉट एक्सएमएल' या फायलीत असते, आणि ती सी ड्राइव्हवर वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये ॲपडेटा, लोकल, गूगल, पिकासा२ अशा वाटेने सापडते. अल्बम शेजारच्याच 'पिकासा२अल्बम्स' मध्ये असतात. तंत्रज्ञाने फक्त जेपीजी उचलल्यामुळे हे सगळे मागे राहिले. छायाचित्राखाली लिहिलेली ओळ मात्र जेपीजीच्या आतच साठवली जाते, तेव्हा ती नव्या प्रतीतही असायला हवी. एक्झिफटूल किंवा डिजिकॅम या मोफत साधनांत ती पाहता येईल.

आधी डिस्कची प्रतिमा, म्हणजे तिच्यावरील सगळ्या मजकुराची हुबेहूब प्रत, काढा. पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) सुरू करून, बिघडत्या डिस्कची प्रत काढणाऱ्या डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने ती दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घेता येते. वाचता न येणारे भाग तो मागे ठेवून आधी चांगले भाग उचलतो. लिनक्सला विंडोजच्या परवानग्या आडव्या येत नाहीत, म्हणून बाबांचा फोल्डरही उघडेल, फक्त ती प्रतिमा केवळ वाचण्यापुरती जोडा. यापुढचे सगळे प्रयोग प्रतीवरच करा. छायाचित्रे जुन्याच ड्राइव्ह-अक्षराखाली, जुन्याच फोल्डररचनेत ठेवा, कारण पिकासाची नोंद त्या पत्त्यांवर चालते. पिकासा२ आणि पिकासा२अल्बम्स हे दोन्ही फोल्डर नव्या संगणकावर त्याच जागी ठेवून मगच पिकासा ३.९ उघडा. गूगलने १५ मार्च २०१६ पासून या प्रोग्रॅमचा सपोर्ट बंद केला असल्याने बाबांच्या डाउनलोड्समध्ये त्याची मूळ फाइल मिळते का ते आधी पाहा. परक्या संकेतस्थळावरून घेणे मला धोक्याचे वाटते. नावे दिसू लागली की टूल्समधील एक्सपेरिमेंटल या यादीत 'राइट फेसेस टू एक्सएमपी' आहे (एक्सएमपी म्हणजे छायाचित्राच्या फायलीतच माहिती लिहिण्याची पद्धत). त्याने नावे छायाचित्रांच्या आत लिहिली जातात आणि मग ती डिजिकॅमही वाचतो. पिकासा कधीतरी चालेनासा होईल, त्याआधी हे झालेच पाहिजे.

मूळ प्रश्नकर्तीकडून

आपले मनापासून आभार. प्रतिमा काढायला पूर्ण रात्र आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ लागली. डाउनलोड्समध्ये पिकासाची फाइल होती, आणि नव्या संगणकावर तो सुरू झाला. डावीकडच्या यादीत २१४ नावे आली. काही नावांपुढे बाबांनी प्रश्नचिन्ह ठेवले आहे, एका ठिकाणी 'आक्काला पुन्हा विचारणे' असे लिहिले आहे. सोप्यातल्या छायाचित्रात पणजी उजवीकडून दुसरी आहे. मी आजवर मधल्या बाईलाच पणजी समजत होते.

नावे छायाचित्रांच्या आत लिहून झाली आहेत आणि डिजिकॅममध्ये ती दिसतात. ज्या दोन फोल्डरांपाशी डिस्क अडकत होती, तेथील ३७ स्कॅन मात्र अर्धवट आले: वरचा भाग स्वच्छ आणि खाली करडी पट्टी. कोणते भाग वाचले गेले आणि कोणते राहिले याची डीडीरेस्क्यूची नोंद मी जपून ठेवली आहे. त्याच नोंदीवरून फक्त राहिलेले भाग पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करावा, की त्याने डिस्कवर आणखी ताण येईल आणि ती आहे तशीच एखाद्या डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडे द्यावी? तोवर डिस्क कपाटात आहे, तिला मी हात लावलेला नाही.