मदत हवी आहे : मराठी जाहिरातींच्या कामासाठी प्रेरणा आणि संदर्भ कोठून गोळा करावेत?

नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी जाहिरातींचे काम करते. सुरुवातीची सहा वर्षे एका छापखान्यात लग्नपत्रिका, हँडबिले आणि फ्लेक्स यांची मांडणी करण्यात गेली. गेली तीन वर्षे मी आणि माझा आतेभाऊ असे दोघे मिळून आसपासच्या दुकानदारांसाठी मोबाइलवर पाहायचे उभे व्हिडिओ, समाजमाध्यमांवरची चित्रे आणि क्वचित एखादे छोटे संकेतस्थळ तयार करतो. चित्रीकरण तो करतो; मजकूर, अक्षरे आणि संकलन माझ्याकडे असते. काम मिळते, पैसेही बऱ्यापैकी वेळेवर मिळतात (फराळवाले सोडून). अडचण वेगळीच आहे.

माझ्या संगणकावर ‘प्रेरणा’ नावाचा एक फोल्डर आहे. पिंटरेस्ट, बिहान्स आणि ड्रिबल या चित्रांच्या संकेतस्थळांवरून उतरवून घेतलेली चारशेहून अधिक चित्रे त्यात साठली आहेत. मागच्या महिन्यात एका दुपारी ती सगळी ओळीने पाहिली, तेव्हा देवनागरी अक्षर असलेली चित्रे अकरा निघाली आणि त्यांतलीही चार हिंदी होती. बाकी सारे काम देखणे आहे, यात वाद नाही. परंतु त्यातली मांडणी रोमन लिपीसाठी केलेली आहे. तेथे अक्षरे लांब लांब ठेवून शब्दाला ऐसपैस करतात. मी तेच ‘सुवर्ण’ या शब्दाला करू गेले, तर शिरोरेखेचे तुकडे पडतात आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. तेथे मथळा मोठ्या लिपीतल्या अक्षरांत असतो. आपल्याकडे लहान-मोठी लिपी हा भेदच नाही, उलट वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार यांना जागा सोडावी लागते, म्हणून दोन ओळी तितक्या जवळ आणता येत नाहीत.

याचा परिणाम केवळ अक्षरांपुरता राहिला नाही, हे मला एका कामात कळले. गेल्या वर्षी लाकडी घाण्याच्या तेलाची तीस सेकंदांची जाहिरात केली होती. संथ गतीने पडणारी सोनेरी धार, मागे परदेशी धाटणीचे तयार संगीत, शेवटी पांढऱ्या पडद्यावर बारीक अक्षरांत नाव, अशी ती होती. मालकांच्या आईंनी ती दोनदा पाहिली आणि विचारले, “हे कुठलं तेल गं?” त्यांनी स्वतःच्याच घाण्याचे तेल ओळखले नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पुन्हा गेलो. संगीत काढून टाकले आणि घाण्याची करकर, पेंड पाटीत पडल्याचा आवाज आणि “अजून कोमट आहे, बघ” हे आजींचे वाक्य एवढेच ठेवले. ही दुसरी जाहिरात पाहून गिऱ्हाइके पेंडीचा भाव विचारायला लागली, जी मालक विकत नव्हतेच. पण निदान गिऱ्हाइके घाण्यावर आली.

अशा वेळी वाटते की आपल्याला जमले. पुढचे काम आले की मी पुन्हा त्याच फोल्डरकडे वळते, कारण दुसरा साठा माझ्यापाशी नाही. एक अपवाद आहे. आमच्या जुन्या पेठेत एका पिठाच्या गिरणीची हाताने रंगवलेली पाटी अजून शाबूत आहे. ‘गिरणी’ या शब्दात ‘गि’ची पहिली वेलांटी आणि ‘णी’ची दुसरी वेलांटी एकमेकींकडे वळवून पेंटरने मधल्या ‘र’वर कमान उभी केली आहे, आणि त्या कमानीत एवढीशी गव्हाची ओंबी काढली आहे. कोणत्याही संकेतस्थळावर मला असे काही सापडले नाही, कारण हे त्या दोन वेलांट्यांनीच सुचवलेले आहे.

कमल शेडगे यांनी केलेली नाटकांची शीर्षके आणि वर्तमानपत्रांतील नाटकांच्या जाहिराती मी जमतील तेवढ्या पाहिल्या आहेत. र. कृ. जोशी हे जाहिरात संस्थेतून पवईच्या आयआयटीत शिकवायला गेले आणि विंडोजमधला ‘मंगल’ हा टंक (फाँट) त्यांनी केला, हेही मला ठाऊक आहे. तथापि नावे ठाऊक असणे आणि मंगळवारी सकाळी गिऱ्हाईक समोर बसलेले असताना त्यातून काही सुचणे, यांत बरेच अंतर आहे.

म्हणून जाणकारांना विचारते. जुन्या मराठी जाहिराती, मुखपृष्ठे आणि पाट्या प्रत्यक्ष कोठे पाहायला मिळतील, आणि संग्रह करताना आपण काय टिपून ठेवता? दुसरे, त्या गिरणीच्या पाटीवरची कमान मी एखाद्या दुकानाच्या नावासाठी वापरली, तर ती प्रेरणा म्हणायची की उचलेगिरी? पेंटरकाका हयात आहेत, फ्लेक्स आल्यापासून त्यांचे काम जवळजवळ थांबले आहे, आणि या विचाराने माझा हात अडतो. तिसरी शंका तांत्रिक आहे. व्हिडिओत अक्षरे एकेक करून आणली की ‘निर्मळ’ मधला रफार आधी सुटा दिसतो आणि मग उडी मारून ‘म’वर जाऊन बसतो, वेलांट्यांचीही तीच गत होते. यावर उपाय आहे काय?

प्रतिसाद

तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर लहान आहे. संकलनाच्या प्रणालीत मजकुराचे इंजिन निवडण्याची सोय असते. प्रीमियर किंवा आफ्टर इफेक्ट्समध्ये ते दक्षिण आशियाई लिपी हाताळणारे असावे आणि टंक युनिकोडच वापरावा. छापखान्यातील श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकातला मजकूर थेट चिकटवलात, तर अगम्य चिन्हे उमटतील, हे आपण अनुभवले असेलच. ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे टंक मुक्त परवान्याचे आहेत. ‘यात्रा वन’ तर मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे. मात्र इंजिन बदलले तरी देवनागरी अक्षरे सुटी सुटी नाचवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. शब्द अखंड आणावा. हालचाल हवीच असेल, तर शाळेत आपण अक्षरे आधी लिहितो आणि रेघ नंतर ओढतो, ते आठवावे: शिरोरेखेविना शब्द दाखवून शेवटी डावीकडून उजवीकडे रेघ ओढावी. त्यासाठी अक्षरांचे आकृतीत रूपांतर करून रेघ वेगळी कापावी लागते. अर्ध्या तासाचे काम आहे, पण रोमन लिपीला ते करताच येणार नाही.

आता संग्रहाविषयी. आपण सांगली जिल्ह्यातल्या आहात आणि पिंटरेस्टवर शोधत आहात, याची मला थोडी गंमत वाटली. १९२० साली आपल्याच जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. ते मुळात कारखान्याचे पत्रक होते. लोखंडी नांगराची माहिती शेतकऱ्यापर्यंत पोहोचवायची होती. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक उभे राहिले. नांगर विकायला निघालेल्या माणसाने वाचकाला आवडेल असे काहीतरी महिन्याच्या महिन्याला त्याच्या हाती दिले. आज ज्याला कंटेंट म्हणतात, ते यापेक्षा फारसे वेगळे नाही. आपल्या जवळच्या नगर वाचनालयात जुन्या मासिकांचे आणि दिवाळी अंकांचे बांधीव खंड असतील, तर चित्रकार दीनानाथ दलालांची मुखपृष्ठे अवश्य पाहावीत, पण खरा वेळ आतल्या पानांवरच्या पाव पानाच्या, एकरंगी जाहिरातींना द्यावा. केशतेल, चहा, सायकल, दंतमंजन: जागा कमी, रंग नाही, आणि तरीही सांगायचे ते एका वाक्यात सांगितलेले असते. आपल्या उभ्या पडद्यावरही खालचा भाग बटणांखाली आणि ओळींखाली झाकला जातो, म्हणजे जागा जवळपास तेवढीच उरते.

मी स्वतः नुसते चित्र साठवत नाही. वहीत दोन ओळी लिहितो: मी येथे का थांबलो, आणि हे दुसऱ्या कशासाठी चालले असते का. दुसऱ्या ओळीचे उत्तर ‘कशासाठीही चालले असते’ असे आले, तर ते चित्र सोडून देतो. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला रामदास पाध्यांचा ससा या कसोटीला उतरतो, कारण पापड खाण्याचा आवाज आणि त्या बाहुल्याचे हसणे एकमेकांपासून वेगळे काढता येत नाही. आपल्या घाण्याची करकरही उतरते.

कमानीबद्दल एवढेच म्हणेन की ती संगणकावर गिरवण्याऐवजी त्या पेंटरकाकांनाच दुकानाचे नाव लिहायला सांगावे, मेहनताना द्यावा आणि ते लिहीत असताना आपल्या आतेभावाने कॅमेरा लावावा.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. कालच पेंटरकाकांना भेटून आले. कागदावर लिहायला त्यांनी साफ नकार दिला. “हात एवढा लहान चालत नाही, पत्रा आण,” म्हणाले. चार फुटी पत्रा आणि ऑइल पेंट येत्या रविवारी घेऊन जाणार आहे. नाव एका रसवंतीचे आहे, त्यामुळे एकच वेलांटी मिळणार, आणि तिचे काय करायचे ते त्यांनी मला सांगितलेले नाही. वाचनालयात मात्र जुने खंड कपाटात कुलूपबंद आहेत आणि छायाचित्र काढू देत नाहीत. अशा ठिकाणी परवानगीसाठी अर्ज कोणाच्या नावाने आणि कसा करावा, याचा कोणाला अनुभव असल्यास कृपया लिहावे.