मूर्ती हलवायची नसली तरी तत्त्व काढावं लागतं का?

सह्यवारा: गावच्या लक्ष्मीनारायणाच्या गाभाऱ्याचं छप्पर उतरवायचंय. मूर्ती जागेवरच राहील, पण ती पिंडिकेत, म्हणजे खालच्या बैठकीत, बसते तिथली सांध उघडी पडलीय आणि अभिषेकाचं पाणी खाली मुरतं. पुरोहित म्हणतात, आधी तत्त्व, म्हणजे मूर्तीतलं देवत्व, काढा, मग पुनःप्रतिष्ठा. काहींचं म्हणणं, सिमेंट भरून उदकशांत (मंत्रवलेल्या पाण्याने शुद्धी) केली की झालं. नेमकं काय करावं?

कूर्मशिला: पुरोहितांचं ऐका. जिथे छिन्नी-हातोडा चालणार, तिथे त्या वेळी देव नसावा, हा त्यामागचा भाव. आधी गाऱ्हाणं घालून देवाची अनुज्ञा घेतात; कोकणात कौलही लावतात. मग न्यास (मंत्र म्हणत अंगांना स्पर्श) आणि होम करून मूर्तीतलं तत्त्व कलशात आणायचं. दक्षिणेत याला कलाकर्षण म्हणतात. तांब्याच्या कलशाला सूत गुंडाळलेलं, आत पाणी आणि दर्भाचा कूर्च (जुडी), वर आंब्याचा टाळा नि नारळ. कलशातून तत्त्व बालालयात जातं, म्हणजे तात्पुरत्या जागेतल्या लहान मूर्तीत किंवा फळीवर रंगवलेल्या चित्रात. काम संपेपर्यंत देव तिथे आहे, म्हणून रोजची पूजा आणि नैवेद्यही तिथेच. काम लांबलं की नेमकी हीच पूजा ढिली पडते. तिची जबाबदारी आधीच कुणावर तरी सोपवा. तिरुमलेला ऑगस्ट २०१८ मध्ये अष्टबंधनासाठी, म्हणजे मूर्तीची सांध आठ द्रव्यांच्या लेपाने भरण्यासाठी, असंच बालालय केलं होतं.

काम झालं की कलशाचं पाणी शिखराला आणि मूर्तीला घालून तत्त्व परत आणतात. उदकशांतीने शुद्धी होते, तत्त्व परत येत नाही.

राळधूप: सिमेंट अजिबात नको! ते कडक होतं, बारीक तडा जातो, पाणी आत शिरून अडकतं, आणि पुढे ते काढताना पिंडिकेचा टवका उडतो. सांधेत अष्टबंधच भरायचा. तमिळ प्रथेत लाख, राळ, चुनखडीची पूड, काव, हिंगूळ, मेण, तांबडा कापूस आणि म्हशीचं लोणी. केरळच्या यादीत शंखचूर्ण, हरडा, आवळा येतात. दोन याद्यांची सरमिसळ करू नका. हे सगळं उखळात एकजीव होईपर्यंत कुटतात आणि ऊबदार असतानाच वळ्या करून दाबून बसवतात. पुढेमागे ऊब देऊन तो काढताही येतो.

तो सुटतो मुख्यतः दोन कारणांनी. जुना थर पूर्ण खरवडलेला नसतो, किंवा दगड ओला असतो. तुमची पिंडिका जांभ्याची असेल तर पावसाळ्यानंतर लगेच हात घालू नका. उत्तरायणातला, शक्यतो वैशाखातला मुहूर्त धरा, तोवर दगड कोरडा होतो. शिवाय दह्या-लिंबाच्या आंबटपणाने चुना झिजतो, म्हणून पंचामृतानंतर सांधेवर भरपूर साधं पाणी घाला.

सह्यवारा: दर बारा वर्षांनी करावंच लागतं का?

कूर्मशिला: बारा वर्षं ही तमिळनाडूतली रूढी, आणि तिथेही ती लांबते. तंजावरच्या बृहदीश्वराचा कुंभाभिषेक (पुनःप्रतिष्ठेचा कलशाभिषेक) १९९७ नंतर थेट २०२० मध्ये झाला. आपल्याकडे असं ठरावीक चक्र नाही. सांध तपासून ठरवा. मूर्तीचा मुख्य अवयव भंगला असेल तर मात्र डागडुजी चालत नाही, नवी मूर्ती घडवून जुनीचं विसर्जन करावं लागतं. स्वयंभू पाषाण आणि बाणलिंग (नर्मदेत सापडणारं नैसर्गिक शिवलिंग) यांना हा नियम लागू नाही.